सोलापूरहून विजापूर-हंपी फिरायला जायचंय. दुकानदार ४०एक्स झूमचा छोटा कॅमेरा सुचवतोय, घेऊ का?

झूमचा आकडा सध्या बाजूला ठेवा आणि सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी आतली चिप, केवढा आहे ते विचारा. खिशात मावणाऱ्या ३०एक्स-४०एक्स कॅमेऱ्यांत बहुधा १/२.३ इंची सेन्सर असतो, म्हणजे जेमतेम ६.२ बाय ४.६ मिमी. 'एक इंची' म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिमी. क्षेत्रफळ चौपट, त्यामुळे त्याच एफ-नंबरला (लेन्सचं तोंड किती उघडतं ते सांगणारा आकडा, जितका लहान तितका उजेड जास्त) गोळा होणारा उजेडही चौपट. लहान सेन्सर भर उन्हात छान चालतो, पण सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत दिवे लागल्यावर आयएसओ (उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) वाढला की चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात. त्यापेक्षा बरा फोटो आजचा चांगला फोन काढतो.

मग लेन्सवरचे आकडे वाचा. १.८-२.८ असं लिहिलेलं असेल तर ते एफ-नंबर, पहिला वाइडचा (झूम न करता) आणि दुसरा पूर्ण झूमचा. मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. सोनी आरएक्स१०० मार्क ३ ते ५ मध्ये २४-७० मिमी, एफ १.८-२.८ लेन्स आहे. कॅनन जी७एक्स मार्क ३ मध्ये २४-१०० मिमी, तेवढ्याच एफ-नंबरची. आरएक्स१०० मार्क ७ ची लेन्स २४-२०० मिमी पोहोचते, पण सुरुवातच एफ २.८ पासून. गोलघुमटाच्या आत नि हंपीच्या मंडपांत उजेड कमी आणि मागे सरकायला जागाही कमी, त्यामुळे मी तुम्हाला पहिल्या दोघांपैकीच एक सांगेन. नान्नजच्या अभयारण्यात काळवीट-पक्षी टिपायचे असतील तर मात्र मार्क ७ चा लांब झूम कामाचा, तोही सकाळी लवकर. ऊन चढलं की माळावरची हवा थरथरते आणि लांबचा फोटो कुठल्याही कॅमेऱ्यात विरघळल्यासारखा येतो.

आपल्याकडे या कॅमेऱ्यांचा खरा शत्रू धूळ. लेन्स बाहेर येताना हवा आत ओढली जाते, तिच्याबरोबर धूळ थेट सेन्सरवर बसते. लेन्स काढता येत नाही, म्हणून घरी साफ करता येत नाही, कॅमेरा खोलावाच लागतो. वाळूचा एखादा कण नळीत अडकला तर लेन्स अर्ध्यावर थांबते आणि स्क्रीनवर लेन्स एरर येतो. अशा वेळी बोटाने दाबू नका, आतले प्लास्टिकचे दाते तुटतात. वारा सुटला असताना सारखा चालू-बंद करू नका, बंद करण्याआधी नळीभोवती ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारा आणि कॅमेरा चेनच्या पाऊचमध्येच ठेवा. सुट्टा खिशात टाकला की कापसाची कुसळं आत जातात.

जुना घेत असाल तर दुकानातच अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (एफ-नंबर आपण ठरवायचा मोड) लावा, सर्वांत मोठा एफ-नंबर निवडा, पांढऱ्या भिंतीचा एक फोटो वाइडला आणि एक पूर्ण झूमला काढा. मोठा करून पाहा. दोन्हींत करडे गोल डाग दिसले तर आत धूळ आहे, घेऊ नका. लेन्स दहा वेळा उघडमीट करून करकर ऐकू येते का तेही बघा. बॅटरी काढून हातात घ्या. फुगलेली असेल तर नवीनचे पैसे किमतीतून वजा करून मागा.

बॅटऱ्या छोट्या असतात. मार्क ७ ला ठरावीक चाचणीत एका चार्जवर २६० फोटो मिळतात, व्हिडिओ काढलात तर आणखी कमी. जादा दोन घ्या. ४के चित्रण उन्हात पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून करा, नाहीतर कॅमेरा तापून स्वतःच बंद होतो. कार्ड व्ही३० खुणेचं (व्हिडिओला पुरेसा वेग असलेलं), १२८ जीबीचं एक घेण्याऐवजी ६४ ची दोन. आणि उन्हात उभ्या गाडीत कॅमेरा विसरू नका, बॅटरी तिथेच खराब होते.