वार्ताहर होऊ पाहणाऱ्या एका मुलीस

प्रिय बाय,

वर्तमानपत्रात नोकरीसाठी अर्ज करताना तुला दिसत नाही हे लिहावं की गप्प बसावं, असं तू विचारलं आहेस. लिही. पहिल्याच परिच्छेदात एका ओळीत सांगून टाक, आणि लगेच खाली तू काम कशावर करतेस तेही दे: संगणकावर पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए, फोनवर तेच काम करणारं टॉकबॅक, छापील कागदावरची अक्षरं ओळखून मजकूर करून देणारं ओसीआर. तुझ्या डोळ्यांना काय झालं, कधी झालं, याच्याशी संपादकाला देणंघेणं नसतं. रात्री पान सोडायच्या आत तुझी बातमी हातात पडेल का, एवढीच त्याची चिंता. तिचं उत्तर त्याने विचारायच्या आत मिळालं तर निम्मं काम झालं.

रुजू होण्याआधी फॉन्टचं विचारून घे. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर पडद्यावर सुरेख दिसतो, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. एनव्हीडीए ती जशीच्या तशी वाचतो आणि आपल्या कानावर अर्थहीन खडखडाट येतो. तू युनिकोडमध्ये लिही, पानासाठी बदलून घ्यायचं काम डेस्कवर होऊ शकतं. ही मागणी पहिल्या दिवशीच कर. सहा महिन्यांनी केलीस तर लोकांना ती तक्रार वाटते.

आता मुख्य गोष्ट. 3 डिसेंबर जवळ आला की जागतिक दिव्यांग दिनाचा कार्यक्रम तुझ्याच वाट्याला येईल, ‘तुझाच विषय’ म्हणून. व्यासपीठावर मंत्री, शाल-श्रीफळ, चाकाच्या खुर्च्यांचं वाटप, आणि मथळा आधीच तयार: ‘अंधत्वावर मात करून यशाची भरारी’. कार्यक्रमाला जा, पण तो मथळा देऊ नकोस. खुर्ची मिळालेल्या बाईंच्या शेजारी बस आणि विचार, अर्ज कधी केला होता? मधल्या काळात घराबाहेर कशा पडत होतात? चाक मोडलं तर दुरुस्त कोण करणार? त्यांच्या उत्तरांत जी बातमी आहे, ती मंत्र्यांच्या भाषणात सापडणार नाही. आणि कोणी तुझीच मुलाखत घ्यायला निघालं, ‘आमची जिद्दी वार्ताहर’ म्हणून तुझा फोटो छापायला निघालं, तर हात जोडून नाही म्हण. तुझ्या नावाखाली तुझी बातमी छापून यावी, एवढा मान पुरे.

जानेवारी 2023 मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा उत्सव पहिल्यांदा झाला, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. रॅम्प, सांकेतिक भाषेचे दुभाषे, देशभरातून आलेली माणसं, सगळं आपल्या गोव्यात. पण उत्सवाचा मांडव उतरल्यावर त्याच शहरात मी पांढरी काठी घेऊन चालते, तेव्हा पदपथावर आडव्या लावलेल्या स्कूटरी काठीला लागतात, आणि एका ठिकाणी तर पायाला वाट सांगणाऱ्या खाचांच्या फरशा थेट विजेच्या खांबापाशी संपतात. असं काही सापडलं की नुसतं ‘गैरसोय’ लिहून सोडू नकोस. दिव्यांगजन हक्क कायदा 2016 चा, लागू झाला 19 एप्रिल 2017 रोजी. नियम जून 2017 मध्ये आले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला तिथून पाच वर्षांची मुदत होती. ती 2022 मध्ये संपली. पुढे 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा. म्हणजे पायऱ्यांशिवाय वाट नसलेलं कुठलंही सरकारी कार्यालय दिसलं की तुझ्या हातात तारीख, कायदा आणि निकाल तिन्ही आहेत. अधिकाऱ्याला ‘सोय कधी करणार’ असं विचारू नकोस. ‘मुदत उलटली, जबाबदार कोण’ असं विचार.

तरीही एवढ्यावर थांबलीस तर मला वाईट वाटेल. तू पंचायत कर, विधानसभा कर, जमीन रूपांतराच्या फायली कर, म्हादई नदीचा पाणीतंटा कर. अपंगत्व त्या प्रत्येक बातमीत आहे, कुणी शोधत नाही इतकंच. बांधकामाच्या परांचीवरून पडून कणा मोडलेला मजूर गावी परत पाठवला जातो, तेव्हा ती ठेकेदाराची बातमी आहे, तशी आपलीही आहे. त्याला 40 टक्के अपंगत्वाचा दाखला मिळेपर्यंत आरक्षणासाठी सरकारच्या लेखी तो दिव्यांगही नसतो. सरकारी नोकरभरतीची जाहिरात आली की बघ, 4 टक्के आरक्षणातल्या जागा आहेत का, आणि त्यातला अंध व अल्पदृष्टी असलेल्यांचा 1 टक्का कुठे गेला. बँकेच्या ॲपवर ओळख पटवताना ‘डोळे मिचकावा’ असं फर्मान येतं. ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या बायकांनी आणि एका अंध नागरिकाने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. आता आपल्या तालुक्यातली बँक त्या निकालाचं काय करते, हे विचारायला तुझ्याइतकं योग्य कोण आहे?

कामाची शिस्त थोडक्यात सांगते. पत्रकार परिषदेत पुढच्या रांगेत बस आणि बोलणाऱ्याला प्रत्येक वेळी नाव विचार. आवाज ओळखीचा वाटला म्हणून गर्दीत कुणाच्या तोंडी विधान घालू नकोस, आवाज फसवतात. घटनास्थळाचं वर्णन करायचं असेल तर एकमेकांशी न बोललेल्या दोघांकडून घे, आणि तुला जे ऐकू आलं, ज्याचा वास आला, पायाखाली जे लागलं ते तुझं म्हणून लिही. त्यात संकोच नको. बस जिथपर्यंत जाते तिथपर्यंत बसने जा, पुढे पायलट, म्हणजे आपला मोटरसायकल टॅक्सीवाला. प्रत्येक गावात एखाद्या भरवशाच्या पायलटचा नंबर ठेव, भाडं निघण्याआधी ठरव. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ ॲप आहे, नेटशिवाय चालतं.

कागदपत्रांची भीती तुझ्या पत्रात दोनदा आली आहे, म्हणून त्यावर जरा जास्त. माहिती अधिकारात अर्ज केला की स्कॅन केलेले वाकडेतिकडे कागद मिळतात आणि ओसीआर त्यापुढे हात टेकतं. पण 2005 च्या त्या कायद्याच्या कलम 7(4) मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की अर्जदाराला दृष्टीचं किंवा श्रवणाचं अपंगत्व असेल तर माहिती त्याच्यापर्यंत पोहोचेल अशी मदत माहिती अधिकाऱ्याने करायची, कागद तपासायचे असतील तर तिथेही. हे कलम अर्जातच घाल. अधिकाऱ्याला ते ठाऊक असेल असं गृहीत धरू नकोस.

पहिला अर्ज कशाचा करायचा तेही सुचवते. जुलै 2021 मध्ये तुझ्या सत्तरी तालुक्यात नदी घरांत शिरली होती, तू तेव्हा शाळेत असशील. दिव्यांगजन कायद्याचं कलम 8 सांगतं की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवावी. उत्तर गोव्याच्या प्राधिकरणाकडे नावं मागू नकोस, ती लोकांची खासगी बाब आहे. विचार एवढंच: नोंद आहे का, शेवटची कधी अद्ययावत केली, सत्तरीतल्या किती माणसांची आहे, आणि ऐकू न येणाऱ्याला पुराची सूचना कशी देता. उत्तराला 30 दिवस आहेत, तेव्हा पावसाळ्याच्या बरंच आधी अर्ज जायला हवा.

या अर्जाचा मसुदा शुक्रवारपर्यंत युनिकोडमध्ये पाठव. रविवारी सकाळी फोन कर, ओळ न् ओळ मिळून वाचू.

तुझी,
ताई