रत्नागिरीत एम.फार्म. करतोय. नैराश्याच्या प्रयोगातले नर उंदीर पिंजऱ्यात एकमेकांना चावतात. निष्कर्षांवर परिणाम होईल का?

होईल, आणि बराच. सतत मार खाणारा उंदीर इतरांना टाळू लागतो. नैराश्याचा अभ्यास करायला संशोधक हीच अवस्था मुद्दाम घडवतात! मग औषधाचा परिणाम कुठला, मारामारीचा कुठला, कसं ओळखणार?

जखमी जीवाला आधी वेगळा करा, पशुवैद्याला दाखवा. प्रयोगाचं नंतर बघू.

अनोळखी प्रौढ नर एकत्र ठेवू नका, दूध सुटल्यापासून एकत्र वाढलेलेच ठेवा. पिंजरा बदलताना घरट्याचा कोरडा कागद सोबत न्या. लघवीने भिजलेला भुसा मात्र नको, त्या वासाने ते पुन्हा भिडतात. शेपटीला धरून उचलू नका, नळीतून किंवा ओंजळीत घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता प्रयोगाच्या प्राण्यांसाठी ठरलेल्या ७० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे सहज जाते, भुसा लवकर ओलावतो, अमोनिया साचतो. तेव्हा खोलीतली आर्द्रता रोज मोजून नोंदवा.