रायफल अडकली की पिस्टनलाच का धरता? वाचकांचे प्रश्न

पिस्टनवाल्या सेमी-ऑटो (चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरते अशा) रायफलींबद्दल मेलमध्ये एवढे प्रश्न साठलेत की या वेळी दुसरा विषयच घेत नाही. मी सॅन अँटोनियोजवळ एका दुकानात रिपेअरिंगच्या बेंचवर बसतो, गाव कऱ्हाडकडचं, त्यामुळे मराठीत विचारणारे हक्काने विचारतात आणि बरं वाटतं. कंपन्यांची नावं सगळ्यांच्या प्रश्नांतून मुद्दाम काढलीत, उगाच कुणाला झोडायला नको.

प्रश्न (डॅलस): पिस्टनवाली एआर (एआर-१५ जातीची रायफल) कधी जॅम होत नाही असं ऐकून मी साध्या एआरपेक्षा बरेच जास्त पैसे घालून घेतली. ४०० राऊंडमध्ये ९ वेळा अडकली. विकून टाकू का?

थांबा हो, विकू नका. आधी पिस्टन करतो काय ते बघा. गोळी नळीतून पुढे जाताना तिच्या मागचा थोडा गॅस नळीच्या वरच्या भोकातून घेतात. साध्या एआरमध्ये तो गॅस बारीक नळकांडीतून थेट बोल्ट कॅरियरच्या, म्हणजे गोळीमागचं दार बंद करणारा बोल्ट ज्यात बसतो त्या मागे-पुढे सरकणाऱ्या ठोकळ्याच्या, पोटात येतो, सोबत काजळी आणि उष्णता घेऊन. पिस्टनवालीत तो पुढच्या पुढेच एका दांड्याला धक्का देतो, दांडा कॅरियरला मागे ढकलतो आणि घाण तिकडेच राहते. बस, पिस्टनचं काम एवढंच. मॅगझिनमधली गोळी वर आणणं त्याच्या हातात नाही, पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची कमजोर स्प्रिंग तो बदलत नाही आणि स्वस्तातलं काडतूस तर तो सुधारूच शकत नाही.

या वाचकांना मी फोन करून विचारलं की कोणत्या मॅगझिनला अडकते, तर म्हणाले तीन आहेत, लक्ष नाही दिलं कधी. म्हटलं वहिनींची नेलपॉलिश घ्या, तळाला १, २, ३ आकडे घाला आणि एक वही ठेवा. पुढच्या रविवारी रेंजवर पाच वेळा अडकली, पाचही वेळा २ नंबर. ते मॅगझिन कुणाकडून तरी जुनं घेतलेलं, वरचे दोन्ही ओठ जरासे फाकलेले, गोळी नाक वर करून बसायची. ते फेकलं, नंतरच्या दोन फेऱ्यांत एकदाही तक्रार नाही.

पिस्टनची बाजू घेणारे २००७ ची अमेरिकन आर्मीची धुळीची टेस्ट पुढे करतात, तीही नीट वाचा. आर्मीच्या अ‍ॅबर्डीनच्या चाचणी केंद्रात चार प्रकारच्या रायफली, प्रत्येकी १० नग, प्रत्येक नगाला ६,००० राऊंड, म्हणजे प्रकारामागे ६०,०००, आणि सगळ्या धुळीने माखलेल्या. डायरेक्ट गॅसवाली, म्हणजे साध्या एआरसारखी, एम४ अडकली ८८२ वेळा, पिस्टनवाली एचके ४१६ अडकली २३३ वेळा, तशाच पिस्टनवाल्या स्कार २२६ आणि एक्सएम८ फक्त १२७. फरक आहे, नाही म्हणत नाही. पण एम४ च्या त्या ८८२ पैकी २३९ वेळा दोष मॅगझिनचा होता, आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात झालेल्या तशाच टेस्टमध्ये हीच एम४ ३०७ वेळा अडकली होती. म्हणजे एकाच प्रकारच्या रायफलीचा आकडा दोन टेस्टमध्ये जवळपास तिप्पट होतो. आणि आपण रविवारी दोनशे राऊंड झाडून घरी येऊन साफ करणारी माणसं, आपल्याकडे तेवढी धूळ यायची कुठून.

सायलेन्सर लावणार असाल, नळी आखूड असेल, साफसफाईचा कंटाळा असेल तर पिस्टनचे पैसे वसूल होतात. नाहीतर पुढच्या बाजूला वजन वाढतं आणि पार्ट्सची अडचण होते, कारण पिस्टन एआरचा सगळ्यांनी मानलेला असा एक नमुनाच नाही, प्रत्येकाचा दांडा वेगळा, स्प्रिंग वेगळी, गॅस प्लग वेगळा. घेतलीच आहे तर एक दांडा, एक स्प्रिंग आणि एक प्लग आजच जास्तीचा घेऊन डब्यात टाका, उद्या कंपनीने ते मॉडेल बंद केलं तर बोंबलत बसावं लागेल.

प्रश्न (पिट्सबर्ग): कॅरियर टिल्टबद्दल वाचून घाबरलोय. बफर ट्यूबच्या (कॅरियर मागे जातो त्या दस्त्यातल्या नळीच्या) तोंडाशी खालच्या बाजूला चकचकीत घासल्याची खूण दिसते. रायफल गेली का?

नाही गेली. साध्या एआरमध्ये गॅसचा जोर कॅरियरच्या मधोमध, सरळ रेषेत बसतो. पिस्टनमध्ये दांडा कॅरियरच्या डोक्यावर मारतो, त्यामुळे मागची बाजू खाली झुकते आणि ट्यूबच्या काठाला घासते. बऱ्याच नव्या रायफलींत कॅरियरचं बूड त्यासाठीच गोलसर किंवा रुंद केलेलं असतं. तुम्ही फक्त नख फिरवून बघा. नुसता काळा रंग उडालाय आणि नख गुळगुळीत सरकतंय तर विसरून जा, पहिल्या काही शे राऊंडमध्ये तेवढं होतंच. नख अडकतंय, खाच पडलीय, आत अ‍ॅल्युमिनियमचा चुरा सापडतोय, तर झाडणं बंद करून कंपनीला पाठवा, स्वतः कानस घेऊन बसू नका. फोटोवरून तरी तुमची पहिल्या प्रकारातली वाटते.

प्रश्न (ह्यूस्टन): वडील मराठा रेजिमेंटमध्ये होते, त्यांच्या तोंडी कायम एसएलआरचं (त्यांच्या वेळच्या लष्करी रायफलीचं) कौतुक. म्हणून मी इथे एफएएल घेतली. छान चालत होती, परवा पहिल्यांदा पूर्ण खोलून साफ केली आणि तेव्हापासून दर गोळीला हाताने कॉक करावी लागते. पिस्टन बिघडला का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण ही रायफल बेंचवर आली की मी चहा ठेवतो आणि चहा उकळायच्या आत ती रिपेअर होते. तुमच्या वडिलांची इशापूरची ७.६२ एसएलआर आणि तुमची एफएएल एकाच घराण्यातल्या, आखूड धक्क्याचा पिस्टन नळीच्या वर. पुढच्या टोकाला गॅस प्लग आहे ना, तो दोन तऱ्हेने बसतो. एका बाजूने गॅस पिस्टनकडे जातो आणि रायफल आपोआप भरते. अर्धा फेरा फिरवून दुसऱ्या बाजूने बसवला की गॅस बंद, ती सोय रायफल ग्रेनेड फेकण्यासाठी, सगळा जोर पुढेच जावा म्हणून. तुमच्या फोटोत प्लगवर वर ‘जीआर’ दिसतंय. रायफल रिकामी करा, मॅगझिन काढा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या तोंडाशी गोळी बसते तिथे) बोट घालून खात्री करा, मग प्लगची कळ दाबून तो फिरवा आणि ‘ए’ वर आणा. पिस्टन बिचारा मजेत आहे.

आता खोललीच आहे तर गॅस रेग्युलेटरही लावून घ्या, कारण साफ करताना तोही फिरला असणार. ही रिंग जितकी उघडी तितका गॅस बाहेर वाया जातो, जितकी बंद तितका पिस्टनला मिळतो. पूर्ण उघडून सुरुवात करा. मॅगझिनमध्ये एकच गोळी घालून झाडा. बोल्ट मागे अडकून राहिला नाही तर एक क्लिक बंद करा, परत एक गोळी. ज्या क्लिकला बोल्ट मागे थांबायला लागेल तिथे चार-पाच वेळा खात्री करा आणि वर दोन क्लिक जास्त द्या, मळ साचेल तेव्हासाठी. ‘इंच पॅटर्न’च्या, म्हणजे ब्रिटिश मापाने बनवलेल्या, काही एफएएलमध्ये शेवटच्या गोळीनंतर बोल्ट थांबायची सोयच काढलेली असते, त्यांना ही रीत चालणार नाही. लोक काय करतात, रेग्युलेटर सरळ पूर्ण बंद करून टाकतात, म्हणतात आता अडकणारच नाही. अडकत नाही खरी, पण खांदा सुजतो, पुंगळ्या शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या टोपीवर जातात आणि आतले पार्ट उगाच मार खातात.

पिस्टनला तेल लावू नका. कोरडाच ठेवायचा, चिंदीने पुसून. तेल तिथे जळून डांबर होतं. वडिलांना विचारा, चिंदी आणि पुल-थ्रूवरून (नळी साफ करायच्या दोरीवरून) उस्तादांच्या किती शिव्या खाल्ल्या ते.

प्रश्न (मिनिआपोलिस): जानेवारीत पहिल्या दोन-तीन गोळ्यांना बोल्ट अर्ध्यातच थांबतो, नंतर ठीक चालते. उन्हाळ्यात काहीच त्रास नाही.

ग्रीस. थंडीत ते मेणासारखं घट्ट होतं, दोन-तीन गोळ्यांत घासून गरम झालं की सुटतं. सगळं पुसून काढा आणि कमी तापमानाचं पातळ तेल रेल्सवर (बोल्ट सरकतो त्या पट्ट्यांवर) अगदी एक-एक थेंब. आणि घरात आणल्यावर लगेच केस उघडू नका, थंडगार लोखंडावर घरातली वाफ धरते, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर धरते तशी. दोन तास बंद केसमध्येच राहू दे, मग पुसा.

प्रश्न (फिनिक्स): जुनी एसकेएस (रशियन घाटाची पिस्टनवाली लष्करी रायफल) घेतली, सोबत जुन्या लष्करी काडतुसांची पेटी मिळाली. दोनदाच झाडली, दर वेळी तेल लावून ठेवली तरी गॅस ट्यूबमध्ये गंज. अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेत?

हवेचा दोष नाही, काडतुसाच्या टोपीचा, म्हणजे दारू पेटवणाऱ्या प्रायमरचा आहे. जुन्या लष्करी मालाच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मीठच म्हणा ना, आपल्या मिठासारखंच पाणी ओढणारं. पिस्टनवाल्या रायफलीत हे मीठ नळीत असतंच, वर गॅस ट्यूबमध्ये आणि पिस्टनवरही बसतं, आणि लोक नळी साफ करून खूश होतात. तेलाने मीठ विरघळत नाही, तेल त्याच्यावर पांघरूण घालतं फक्त. त्याच दिवशी, रेंजवरून आल्या आल्या, गरम साबणाचं पाणी नळीतून, ट्यूबमधून, पिस्टनवरून आणि बोल्टच्या तोंडावरून ओता, कोरडं करा, मग तेल.

आणि जुनी एसकेएस म्हणताय तर हे आजच करा. या रायफली वर्षानुवर्षं कॉस्मोलीन नावाच्या घट्ट चिकट ग्रीसमध्ये पडून असतात आणि ते फायरिंग पिनच्या भोकात जाऊन बसतं. पिन पुढे चिकटून राहिली तर बोल्ट बंद होतानाच गोळी सुटते, चापावर बोट नसताना, आणि एक सुटली की पुढचीही सुटू शकते. बोल्ट बाहेर काढून कानाजवळ खुळखुळ्यासारखा हलवा. पिन आत खळखळ वाजली पाहिजे. वाजली नाही तर काडतुसाला हात लावू नका, बोल्ट पूर्ण खोलून सॉल्व्हंटने धुवून घ्या किंवा कुणा जाणकाराकडे न्या.

प्रश्न (सिअ‍ॅटल): एच-१बी वर आहे. मित्र म्हणतो पिस्टन एआर घे, भारी आहे. पुण्याला परत जाताना नेता येईल का?

मित्राला सांगा आधी कायदा वाच. नॉन-इमिग्रंट व्हिसावर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे, काही मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे वैध हंटिंग लायसन्स. रेंजवर भाड्याने हातात घेतली तरी ते बाळगणंच धरतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. शिवाय वॉशिंग्टन राज्यात २०२३ पासून अशा रायफलींची विक्रीच बंद आहे. चुकलात तर व्हिसा जातो, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. पुण्याला न्यायचा विषय सोडूनच द्या, तिकडे साध्या लायसन्सवर बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची) पॉईंट ३१५ वगैरे मिळते, ही नाही.

प्रश्न (ऑस्टिन): काल रेंजवर एका गोळीचा आवाज नेहमीसारखा आला नाही, फुस्स झालं, धक्का नाही, पुंगळी आतच. वाटलं पिस्टनला गॅस कमी पडला असेल. हाताने कॉक करून पुढची भरली, तेवढ्यात रेंजच्या माणसाने ओरडून थांबवलं. तो एवढा का चिडला?

त्या माणसाला पुढच्या वेळी मिठाईचा बॉक्स न्या. काडतुसात दारू नसली किंवा कमी असली की नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी सुटते आणि नळीत मध्येच अडकते. तिच्या मागून दुसरी झाडली की नळी फुटते, कधी रिसीव्हरही (बोल्ट ज्यात असतो तो मधला भाग), तुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. पिस्टन, डायरेक्ट गॅस, बोल्ट अ‍ॅक्शन, कुठलीही असो. आवाज बारीक वाटला की बोट चापावरून बाहेर, नळी समोर निशाणाकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं, मॅगझिन काढायचं, चेंबर रिकामं करायचं आणि मागच्या बाजूने नळीत उजेड दिसतो का बघायचं, किंवा क्लीनिंग रॉड घालून आरपार जातो का. तुमची रायफल अजून तशीच असेल तर रॉड घालून बघा आणि अडकला तर हातोडी न घेता तशीच बेंचवर घेऊन या, शनिवारी मी असतो.