ड्रायर मध्येच बंद का पडतो?

प्रश्न : पावसाळ्यात आमचा कपड्यांचा ड्रायर वीसेक मिनिटे नीट चालतो, मग त्याचा दिवा मालवतो आणि थोड्या वेळाने पुन्हा लागतो. दुरुस्तीवाल्याच्या मते यंत्र ठणठणीत आहे. मग दोष कुठे असावा?

उत्तर : तुमच्या वर्णनावरून मला सॉकेटचाच संशय येतो. २,३०० वॉटचा ड्रायर २३० व्होल्टवर सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतो. सॉकेटमागील तारेचा स्क्रू सैल असेल, तर तो सांधा तापतो, संपर्क तुटतो आणि निवल्यावर पुन्हा जुळतो. बटण बंद करून प्लग काढा आणि पिना नीट पाहा. एखादी पिन काळवंडलेली किंवा सॉकेटचे प्लास्टिक पिवळट पडून वितळलेले दिसले, तर ड्रायर पुन्हा लावूच नका, कारण अशाच सांध्यातून आग लागते. परवानाधारक वायरमनकडून १६ अँपिअरचे नवे सॉकेट बसवून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड तर मुळीच नको.

मात्र घरात थ्री-फेज जोडणी असून ड्रायर लागताच काही दिवे मंद आणि काही अधिक प्रखर होत असतील, तर न्यूट्रलची तार सैल असण्याची दाट शक्यता आहे. त्यात फ्रिज, टीव्ही जळू शकतात, म्हणून मेन स्विच पाडून वीज कंपनीला तत्काळ कळवा.