निवृत्तीनंतर कळला खाणधुळीचा आजार : भरपाई मागता येते का?

प्रश्न : माझे वडील चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत ड्रिलर होते. मे 2024 मध्ये साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि आमच्याकडे पुण्यात धायरीला आले. दम लागायचा, म्हणून दम्याची औषधं चालू होती. जून 2025 मध्ये सीटी स्कॅननंतर ‘न्यूमोकोनिओसिस’ (धुळीमुळे होणारा फुफ्फुसाचा आजार) निघाला. कंपनी म्हणते, विड्यांमुळे झालं. शिवाय निवृत्तीच्या वेळी ‘काही मागणं नाही’ या कागदावर त्यांची सही आहे. आता काही करता येईल का? चंद्रपूरला खेपा घालाव्या लागतील का?

उत्तर : ताई, करता येईल, आणि पुण्यातूनच. कर्मचारी भरपाई अधिनियम, 1923 च्या कलम 21 प्रमाणे अर्जदार जिथे राहतो तिथल्या कर्मचारी भरपाई आयुक्तांकडेही दावा दाखल होतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. पण वडिलांचं निदान त्याआधीचं, म्हणून दावा जुन्या कायद्याने मांडावा असं माझं मत आहे.

त्या सहीची काळजी सोडा. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम 17 नुसार रद्दबातल असतो.

मुदतीकडे मात्र नीट बघा. नोकरी सुटल्यावर दोन वर्षांच्या आत अशा आजाराची लक्षणं दिसली, तर ती प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा मानतात आणि तिथून दाव्याला दोन वर्षं मिळतात. म्हणजे जून 2027. पण ‘दम तर आधीपासूनच लागत होता’ असं कंपनी म्हणणार, म्हणून शेवटच्या महिन्याची वाट पाहू नका. याच आठवड्यात कंपनीला लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

आता विडीबद्दल. आयुष्यभर खाणीत राबलेल्या माणसाला त्याच्या विडीवरून गप्प बसवलं जातं, याची मला चीड आहे. कोळशाचे अतिबारीक कण फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्याभोवती सूज येते, गाठी धरतात आणि फुफ्फुस कडक होत जातं. खाण सोडल्यावरही हे वाढू शकतं, आणि झालेली हानी भरून काढणारं औषध नाही. विडीने फुफ्फुसाचं दुसरं नुकसान होतं, दम वाढतो, हे खरं. पण या धुळीच्या गाठी विडीने होत नाहीत. शिवाय 1923 च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीच्या (आजारांच्या यादीच्या) ‘क’ भागातला आजार, त्या कामात ठरलेला सलग काळ घालवलेल्या कामगाराला झाला, तर तो कामामुळेच झाला असं कायदा गृहीत धरतो. उलट सिद्ध करणं हे मालकाचं काम.

तुमचं प्रकरण खरं तर डॉक्टरांच्या कागदावर उभं राहील किंवा पडेल. अनुसूचीत खनिज धुळीच्या न्यूमोकोनिओसिसखाली सिलिकोसिस (दगडातल्या सिलिकाच्या धुळीने होणारा) आणि अँथ्राकोसिलिकोसिस (कोळसा आणि सिलिका दोन्हींच्या धुळीने होणारा) ही नावं आहेत. वडील ड्रिलर होते. छताच्या किंवा वाटेतल्या दगडात त्यांनी भोकं पाडली असतील, तर कोळशासोबत सिलिकाही छातीत गेला असणार. हे त्यांना स्वतःच्या तोंडून डॉक्टरांना सांगू द्या: किती वर्षं, कोणत्या जागी, पाणी मारून ड्रिलिंग व्हायचं की कोरडं. ससून रुग्णालयाच्या छातीविकार विभागात दाखवा आणि कामाचा पूर्वेतिहास अहवालात लिहून घ्या. नुसतं ‘सीओपीडी’ (श्वासनलिकांचा जुनाट आजार, जो विडीनेही होतो) लिहिलेला कागद घेऊन परतू नका. फुफ्फुसाची क्षमता मोजणारी चाचणीही हवी. कमाईची क्षमता किती टक्के गेली, हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

खाण नियम, 1955 प्रमाणे कामगारांची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी व्हायला हवी होती, छातीच्या एक्स-रेसह. त्या सगळ्या नोंदी कंपनीकडे मागा. कंपनी सरकारी असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जुन्या एक्स-रेमध्ये डाग दिसत असूनही त्यांना खाली पाठवत राहिले असतील, तर तो कागद फार मोलाचा आहे. कंपनीने स्वतःच्या डॉक्टरकडे मोफत तपासणीला बोलावलं तर नकार देऊ नका. नकाराने हक्क स्थगित होतो.

रक्कम : पगार कितीही जास्त असला तरी हिशेबात महिना 15,000 रुपयेच धरतात. त्याच्या 60 टक्क्यांना वयाच्या गुणकाने गुणायचं. साठाव्या वर्षी तो 117.41 असतो, पुढे उतरतो. पूर्ण अपंगत्वाला सुमारे दहा लाख. चाळीस टक्के क्षमता गेली असेल तर चारेक लाख. देय झाल्यापासून महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर वर 12 टक्के व्याज.

नोकरीचा दाखला, शेवटच्या पगाराची स्लिप, स्कॅनची फिल्म आणि तो सही केलेला कागद, एवढं घेऊन वकिलांकडे जा. वडिलांना सोबत न्या. त्यांच्या कामाची माहिती त्यांच्याइतकी कोणालाच सांगता येणार नाही.