शहर सोडून गेलेल्याने शहरासाठी काय करावे? सोलापूरहून एक उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरीसाठी बरीच वर्षे बाहेर काढल्यावर जन्मगावाची ओढ पुन्हा वाटू लागली आहे, त्याच्यासाठी काही करावे अशी इच्छा आहे, पण हा केवळ आठवणींचा उमाळा आहे की यातून खरोखर काही उभे राहू शकते, आणि परत जाणे जमत नसेल तर दुरून काय करता येईल. आपण शहराचे नाव दिलेले नाही, म्हणून मी माझ्या शहराविषयी, म्हणजे सोलापूरविषयी, लिहितो. मी पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करत होतो. आता सोलापुरात राहून तेच काम करतो आणि उरलेल्या वेळात विडी कामगार स्त्रियांच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे मार्गी लावण्यास हातभार लावतो.

सोलापुरात वाढलेल्या माझ्या पिढीला शहर सोडताना फारसा विचार करावा लागला नाही, कारण शिक्षण झाले की पुणे हे घरोघरी ठरलेलेच होते. ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर आजोबांच्या पिढीचा दिवस चालत असे, त्या एकेक करून बंद पडल्या; १८७७ साली सुरू झालेली शहरातली पहिली कापड गिरणी तर आमच्यापर्यंत ‘जुनी मिल’ या नावानेच पोहोचली. यंत्रमाग राहिले, चादरी आणि टॉवेल निघत राहिले, पण आपल्या मुलानेही मागावरच उभे राहावे असे कोणत्याही विणकर बापाला वाटत नव्हते, आणि माझ्या वडिलांनाही वाटत नव्हते. त्यामुळे सोमवारी सकाळी हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जाणारी आणि शनिवारी परत येणारी मुले हे आमच्या स्टेशनवरचे नेहमीचे दृश्य झाले. बाहेर कोणी विचारले की तुमच्या सोलापुरात काय आहे, तर ऊन, धूळ, चार-पाच दिवसांआड येणारे पाणी आणि शेंगाचटणी, एवढे सांगून विषय संपत असे.

२०२० साली घरून काम करण्याची वेळ आली तेव्हा मी सोलापुरात आलो आणि अनेक महिने राहिलो. निर्बंध सैल झाल्यावर संध्याकाळी पायी फिरण्याची सवय लागली, आणि ज्या शहरात वाढलो त्याच्याविषयी आपल्याला शाळेच्या पुस्तकापलीकडे फारसे ठाऊक नाही, याची टोचणी लागून मी वाचू लागलो. माझी ओढ खऱ्या अर्थाने त्या वाचनातून परत आली, आणि ती १९३० सालाने परत आणली. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाल्यावर सोलापुरात हरताळ पडले, गिरणी कामगार मोठ्या संख्येने रस्त्यावर आले, ८ मे रोजी गोळीबार झाला आणि त्यात शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला. पुढचे तीन दिवस शहरावर इंग्रजांचा ताबा जवळजवळ उरलाच नव्हता, आणि त्या दिवसांत व्यवस्था सांभाळली ती इथल्याच कार्यकर्त्यांनी आणि स्वयंसेवकांनी. त्यानंतर १२ मेपासून जूनअखेरपर्यंत शहरात लष्करी कायदा लागू राहिला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. आमची पुण्याची गाडी ज्या हुतात्म्यांच्या नावाने धावते ते हेच. ही चार नावे चार वेगवेगळ्या समाजांतली आहेत, आणि ज्याच्या घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी आणि मागाच्या शेडमध्ये दखनी उर्दू कानावर पडत आली आहे, अशा माझ्यासारख्या माणसाला ती चार नावे एका दमात वाचताना आपल्याच गल्लीची हजेरी घेतल्यासारखे वाटते.

मला या हकिकतीतले हौतात्म्य तर मोठे वाटतेच, पण त्याहून अधिक विचार करायला लावले ते मधल्या तीन दिवसांनी. आपल्या शहराला कोणीतरी वर आणून ठेवावे लागेल, असा समज करून घेऊन आम्ही सगळे बाहेर पडलो होतो. इथली माणसे मात्र पूर्वीपासून आपली कामे आपण संघटित होऊन करत आली आहेत, हे एकदा ध्यानात आल्यावर शहर निराळे दिसू लागले.

सिद्धेश्वर तळ्याकडे पाहण्याची दृष्टीही अशीच बदलली. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर हे बसवेश्वरांचे समकालीन. त्यांनी कन्नडमध्ये वचने लिहिली, तेव्हाच्या सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापूर परिसरात, अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि तळे खोदवून घेतले, असे परंपरा सांगते. कन्नड परंपरेत अशी कथा आहे की त्याच काळातले शरण संत अल्लमप्रभू येथे आले तेव्हा तळ्याचे खोदकाम चालू होते, आणि योगी म्हणवणाऱ्याने मातीकामात गुंतावे काय, यावरून दोघांत वाद झाला. त्या वादाचा आध्यात्मिक निकाल काय लागला ते जाणकारांनी सांगावे. मला एवढेच दिसते की ज्या गावाला पाण्याची ददात आहे तिथे ग्रामदैवताच्या चरित्रात पहिले मोठे काम तळ्याचे आहे. मकरसंक्रांतीच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतले तरुण मानाचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, पेलत अडुसष्ट लिंगांना फेरी घालतात, तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाचा अक्षता सोहळा होतो आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ असा गजर उठतो, तेव्हा शहरातली बहुतेक घरे कोणत्या ना कोणत्या नात्याने त्यात असतात. नंदीध्वज पेलण्याचा सराव कितीतरी दिवस आधीपासून रात्री चालतो, आणि तो पाहिला की या शहरात एकमेकांवर भार टाकून चालण्याची सवय किती मुरलेली आहे ते कळते.

आता सेवेविषयी. आरंभी माझ्या मनातही एखादी नवी संस्था काढावी, नाव द्यावे, मित्रांकडून वर्गणी गोळा करावी असे विचार होते. ते मी सोडून दिले, कारण माझ्या घरातच गरज कुठे आहे ते दिसत होते. माझी आई आयुष्यभर विड्या वळत आली. शहराच्या पूर्व भागातल्या हजारो घरांत हेच चित्र आहे: नवरा यंत्रमागावर आणि बायको मांडीवर सूप घेऊन उंबऱ्याशी बसलेली. पान ओले करायचे, मापाने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, टोक दुमडायचे, दोऱ्याने बांधायचे, आणि मजुरी मोजायची ती हजार विड्यांच्या हिशेबाने. त्यातूनही खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे मिळत नाहीत. विडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला, भविष्य निर्वाह निधी लागू आहे, निवृत्तिवेतनही आहे. २०१४ पासून त्याची किमान रक्कम महिना एक हजार रुपये आहे, ती तोकडी आहे आणि वाढावी म्हणून कामगार संघटना झगडत आहेत. परंतु हे हजार रुपये चालू राहण्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तो देताना बोटांचे ठसे उमटत नाहीत.

ही गोष्ट मी जवळून पाहिली म्हणून सविस्तर सांगतो. वर्षानुवर्षे पान आणि दोरा घासून अंगठ्याच्या व तर्जनीच्या रेषा झिजून जातात. यंत्रावर बोट ठेवले की ते नाकारते. दाखल्यासाठी आलेली अक्का बोट पदराला पुसते, पुन्हा ठेवते, दुसरे बोट देते, मग कोणीतरी हाताला तेल लावायला सांगते, आणि शेवटी ‘उद्या या’ असे ऐकून ती घरी जाते. त्या दिवसाच्या विड्या बुडतात, रिक्षाचे पैसे जातात, आणि दाखला न मिळाल्यास निवृत्तिवेतन थांबते. अलीकडे मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखून हाच दाखला देण्याची सरकारी सोय झाली आहे. आधार क्रमांक, निवृत्तिवेतनाचा क्रमांक आणि बऱ्यापैकी उजेड एवढे असले की घरच्या ओसरीवर ते काम काही मिनिटांत होते. ज्यांच्यासाठी ही सोय अत्यंत मोलाची आहे त्यांना ती ठाऊक नव्हती, आणि मला ठाऊक असण्याचे कारण केवळ माझा व्यवसाय. त्या दिवसापासून आपल्याला काय करायचे आहे याविषयी मला शंका राहिली नाही.

दुसरा मोठा गुंता नावांचा. तेलुगू घरांत घराण्याचे नाव आधी येते, मराठी कागदांत शेवटी. कुठे लग्नाआधीचे नाव, कुठे नवऱ्याचे, एकीकडे ‘लक्ष्मी’ तर दुसरीकडे ‘लक्ष्मीबाई’. जन्मतारीख तर कित्येकींच्या बाबतीत कोणा कारकुनाने अंदाजाने लिहिलेली. आधार, बँक आणि भविष्य निर्वाह निधी या तिन्हीकडे नाव जुळल्याशिवाय पैसा हलत नाही. आम्ही काहीजण रविवारी एका कामगार संघटनेच्या कार्यालयात बसतो, तिन्ही कागद शेजारी ठेवून फरक कुठे आहे तो लिहून काढतो, दुरुस्तीचा अर्ज भरतो आणि तो पुढे कुठे अडला आहे याचा पाठपुरावा करतो. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, तिचे अर्जही तिथेच भरून देतो, आणि अर्ज भरायला शिकलेली मुले पुढच्या वर्षी इतरांचे अर्ज भरतात. हे काम कंटाळवाणे आहे, त्याचा फोटो काढण्यासारखे त्यात काही नाही, आणि ते केल्यावर मला जितके समाधान वाटते तितके नोकरीतल्या कोणत्याही बढतीने वाटलेले नाही.

संघटनेच्या कार्यालयात बसण्याचा आग्रह मी मुद्दाम धरला. सोलापुरातल्या कामगारांनी काय काय मिळवले आहे ते पाहायचे असेल तर कुंभारी परिसरातल्या विडी घरकुलात जावे. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील कामगार चळवळीने मागणी लावून धरली आणि विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत २००६ साली त्यांच्या हाती आली. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि त्यातली पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये सुपूर्द झाली. आपले राजकीय मत काहीही असो, भाड्याच्या खोलीत विड्या वळणाऱ्या बाईच्या नावावर घर होणे याचे मोल कमी करता येत नाही. ज्यांनी एवढे केले त्यांच्याकडे अनुभव आहे, माणसांचा विश्वास आहे. नसते ते बहुधा संगणकावर बसणारे हात. बाहेरून परतलेल्या माणसाने आधी हे पाहावे की आपल्या शहरात कोण काम करत आहे आणि त्यांच्याकडे नेमके काय कमी आहे, आणि तेवढेच न्यावे.

शहरावर प्रेम असले म्हणून त्याच्याविषयी तक्रार करू नये, असे मात्र मला वाटत नाही. सुमारे शंभर किलोमीटरवर उजनीसारखे प्रचंड धरण असताना सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याची वाट पाहत पिंपे भरून ठेवावीत, हे मला मान्य नाही, आणि पूर्वीपेक्षा आज अधिकच मान्य नाही. पुण्यात असताना मी यावर बोलून मोकळा होत असे; आता प्रभागातल्या लोकांबरोबर अर्ज घेऊन जातो, पाणी कोणत्या दिवशी किती वेळ आले याची नोंद ठेवतो आणि ती नोंद पुढे करतो. नोंद असली की बोलणी निराळ्या पातळीवर होतात. तसेच रोजगाराचे. मुलांनी शहर सोडू नये असे म्हणण्याचा मला अधिकार नाही, कारण मी स्वतः घरून काम करण्याची मुभा मिळाली म्हणूनच परत येऊ शकलो.

आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग, दुरून काय करता येईल, हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण परतणे सर्वांना शक्य नसते. आमच्या रविवारच्या कामात दोघेजण पुण्यातून आणि एक ताई परदेशातून सहभागी आहेत. कागदांची छायाचित्रे पोहोचली की त्या ताई नावांतले फरक तपासून तक्ता करतात. पुण्यातल्यांपैकी एकजण दाखल केलेल्या अर्जांची स्थिती दर आठवड्याला संकेतस्थळावर पाहून कळवतो, आणि दुसरा नववी-दहावीच्या मुलांना फोनवरून गणित शिकवतो. यात पैसा जवळजवळ लागत नाही. लागतो तो ठरावीक दिवशीचा ठरावीक वेळ, आणि तो चुकू न देणे. आपण सुरुवात करू इच्छित असाल तर पुढच्या भेटीत नातेवाइकांकडे राहण्याच्या दिवसांतला एक दिवस काढून आपल्या शहरातल्या एखाद्या कामगार संघटनेत, सार्वजनिक वाचनालयात किंवा महापालिकेच्या शाळेत जाऊन बसा, आपण कोणते काम जाणता ते सांगा आणि कोणत्या कामाला माणूस मिळत नाही ते विचारा. पहिल्या भेटीत कदाचित चहा देऊन निरोप देतील, कारण सुटीत येऊन आश्वासने देणारे त्यांनी पुष्कळ पाहिलेले असतात. तेव्हा निघताना एखादे छोटे काम मागून घ्या आणि ते पूर्ण करून पाठवा. आपले शहर कोणते आणि आपला व्यवसाय काय ते कळवलेत, तर कागदपत्रांच्या कामाचे आमचे तक्ते आणि अर्जांचे नमुने मी आनंदाने पाठवीन.