आधी रंगमंचाची मापं, मग तारीख

प्रश्न : मुंबईचं एक व्यावसायिक नाटक आमच्या मंडळाला कंत्राटावर आणायचं आहे. निर्माते शनिवार-रविवार देत नाहीत. वर ‘तुमच्याकडे पूर्ण सेट लागणार नाही’ असंही म्हणतात. आमच्या प्रेक्षकांनी कापलेलं नाटक का बघावं? (एक कार्यकर्ता, जळगाव)

उत्तर : शनिवार-रविवारचा आग्रह सोडा. दादरचं शिवाजी मंदिर, ठाण्याचं गडकरी रंगायतन, पुण्याचं बालगंधर्व इथल्या या दोन दिवसांच्या बुकिंगवर निर्मात्याचा आठवडा निघतो. जळगावला यायचं तर बस, सेटचा टेंपो, मुक्काम, जेवण असा खर्च वाढतो. त्यापेक्षा गुरुवार मागा आणि धुळे, नाशिकच्या आयोजकांना बरोबर घेऊन सलग तीन तारखा ठरवा. प्रवासखर्च तिघांत विभागला जातो.

सेटचं मात्र निर्मात्यांनी आधीच सांगितलं, हे चांगलं केलं. अनेकदा ते प्रयोगाच्या दुपारी कळतं. 30 फुटी रंगमंचासाठी बांधलेला दिवाणखाना 24 फुटांत बसवायचा तर बाजूचे फ्लॅट, म्हणजे सेटच्या सुट्या भिंती, आत वळवावे लागतात. मग त्यातलं दार त्याच बाजूच्या खुर्च्यांना दिसत नाही आणि तिथून येणाऱ्या पात्राची एन्ट्री नुसती ऐकू येते. म्हणून दर्शनी रुंदी, उंची, पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतची खोली आणि दोन्ही विंगांतली मोकळी जागा टेपने मोजा. नाट्यगृहाच्या माहितीपत्रकातले आकडे तसेच पाठवू नका. सामान आत न्यायचं दार आणि जिन्याचं वळणही मोजा, सोफा तिथेच अडकतो. रंगमंच लाकडी आहे की फरशीचा, तेही कळवा. लाकडावर फ्लॅटच्या टेकूला खिळा मारता येतो, फरशीवर वजनं ठेवावी लागतात. ती कमी पडली तर पात्राने दार आपटलं की अख्खी भिंत हलते.

विजेचं आधी विचारून ठेवा. हजार वॉटचे 24 दिवे म्हणजे 24 किलोवॉट. तिन्ही फेजवर सारखे वाटले तर प्रत्येकी 8 किलोवॉट, म्हणजे साधारण 35 अँपिअर. सगळा भार एकाच फेजवर गेला तर ऐन अंकात एमसीबी पडते. ध्वनियंत्रणेला डिमरपासून (दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्रापासून) वेगळी लाइन द्या, नाहीतर प्रकाश मंद होताना स्पीकरमधून घुरघुर येते.

परिनिरीक्षण मंडळाच्या, म्हणजे नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाच्या, प्रमाणपत्राची प्रत निर्मात्याकडून घ्या, स्थानिक परवानग्या तुम्ही काढा. नाटकाच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, दर ठरवताना ते लक्षात असू द्या.

मापं आणि रंगमंचाचे फोटो कंत्राटालाच जोडा. सेटचा कोणता भाग येणार नाही, ते निर्मात्याकडून लेखी घ्या. प्रयोग रात्री 9चा असेल तर नाट्यगृह दुपारी 2पासून तुमच्या ताब्यात हवं. त्या दुपारी तिथे दुसरा कार्यक्रम असेल तर ती तारीख घेऊच नका.